सोलापूरचा कॉम्प्युटर पुण्यातून चालवायचा, तर मार्ग कोणता निवडायचा?

१९ तारखेची रात्र होती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्यात भावाकडे, आणि माझा कॉम्प्युटर जुळे सोलापूरच्या घरी. दुसऱ्या दिवशी २० तारीख, म्हणजे दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचा सगळा हिशोब त्या कॉम्प्युटरवरच्या टॅलीत. मोबाईलमध्ये ॲप होतं, पिन पाठ होता, पण कॉम्प्युटर काही केल्या ‘ऑफलाईन’च. दुपारी लाईट गेली होती. तासाभराने आली, राऊटर आपला आपण चालू झाला, कॉम्प्युटर मात्र बंदच राहिला.

घरी अण्णा एकटे, वय ७४. “अण्णा, टेबलाखालच्या काळ्या डब्याला समोर गोल बटण आहे ना, ते एकदा दाबा.”

“दाबलं गं. निळा दिवा लागला. पण पडद्यावर काहीच येईना.”

मॉनिटर बंद होता, तो बंद राहिला तरी चालतं. दोन मिनिटांनी माझ्या मोबाईलवर नावापुढे हिरवा ठिपका आला आणि मी खाली बसले. अण्णा त्या दिवशी अक्कलकोटला गेलेले असते, तर शेठजींचं रिटर्न लांबलं असतं आणि विलंब शुल्क बसलं असतं.

तेव्हापासून कुणी विचारलं, “ताई, घरचा कॉम्प्युटर बाहेरून चालवायला कोणतं ॲप घेऊ?” की मी आधी ॲपचं नाव सांगत नाही. नेमकं काम काय आहे आणि घरी बटण दाबायला कोण आहे, हे दोन प्रश्न विचारते. ॲपचा नंबर त्यानंतर.

स्क्रीन हवी, की नुसती फाईल हवी?

विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर स्क्रीनची गरजच नसते. एखादी एक्सेल शीट, पाल्याचं स्कॅन केलेलं प्रमाणपत्र, घराच्या खरेदीखताची पीडीएफ, एवढंच हवं असतं. त्यासाठी घरी कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवणं म्हणजे एका पाहुण्यासाठी रात्रभर चूल पेटती ठेवण्यासारखं आहे. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. घरच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं ॲप टाका, लागणारं फोल्डर त्याला जोडा, की त्या फाईली मोबाईलवर दिसतात. कॉम्प्युटर बंद असला तरी दिसतात. तुमचं काम एवढंच असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

टॅली वापरणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती. टॅलीचा चालू डेटा ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली त्या फाईलींत लिहीत असतानाच ड्राइव्ह त्या उचलायला बघतं, आणि डेटा बिघडण्याची शक्यता तयार होते. डेटा होता तिथेच राहू द्या आणि रोज संध्याकाळचा बॅकअप ड्राइव्हमध्ये टाका.

दुसरा प्रकार दुसऱ्याला मदत करण्याचा. आईच्या लॅपटॉपवर प्रिंटर दिसत नाही आणि ती स्वतः समोर बसलेली आहे. अशा वेळी कायमची सोय कशाला? विंडोजमध्येच ‘क्विक असिस्ट’ आहे. तुम्ही कोड सांगायचा, तिने तो घालून परवानगी द्यायची, काम झालं की बंद. मागे कुठलंही दार उघडं राहत नाही.

तिसरा प्रकार माझा. प्रोग्रॅम घरच्या मशीनवर, डेटा तिथेच, समोर कुणी नाही, आणि मला तिथे बसल्यासारखं काम करायचं आहे. इथून पुढचा लेख या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

राऊटरवर पोर्ट उघडण्याचा मार्ग: घेऊ नका

हा मार्ग आधीच बाजूला काढते, कारण जुन्या माहितीच्या आधारावर अजूनही अनेक जण तो सुचवतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे आरडीपीचा, पोर्ट ३३८९. पोर्ट म्हणजे मशीनमध्ये शिरायचं आकडा दिलेलं दार. राऊटरमध्ये जाऊन तो बाहेरच्या जगासाठी उघडायचा आणि बाहेरून थेट घरच्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर यायचं, अशी ही पद्धत.

पहिली अडचण म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही. मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. आत चाळीस बिऱ्हाडं, रस्त्याकडे दार एकच. आतला माणूस बाहेर पत्र टाकतो, त्याचं उत्तर त्याला बरोबर पोचतं, कारण पत्र कुणी टाकलं हे दारावरच्या माणसाने लिहून ठेवलेलं असतं. बाहेरून कुणी आपणहून पत्र पाठवलं आणि त्यावर नुसतं वाड्याचं नाव असलं, तर ते कुणाच्या खोलीत द्यायचं हे त्याला कळत नाही. इंटरनेट कंपन्या असंच करतात, याला सीजीनॅट म्हणतात. तपासणं सोपं आहे. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ दाखवणाऱ्या साईटवरच्या आकड्यापेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही वाड्यात आहात. मग पोर्ट उघडूनही कुणी आत येणार नाही, तुम्हीसुद्धा नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. स्वतःचा आयपी मिळाला आणि पोर्ट उघडला, तर तो शोधणारे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. दार सापडलं की पासवर्ड लावून बघायला सुरुवात. मे २०१९मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यात तर पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. विंडोज ७सह जुन्या आवृत्त्यांना तिचा धोका होता, आणि आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. पोर्टचा आकडा बदलून लपता येत नाही, शोधणारे सगळेच आकडे तपासतात. आणि मशीन गेलं तर एकटं आपलं जात नाही. त्यात शेठजींचे हिशोब असतात, कामगारांच्या पगाराच्या याद्या असतात, लोकांचे पॅन नंबर असतात.

मग उरतात दोन रस्ते

पहिला रस्ता मध्यस्थाचा. क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क ही सगळी त्याच घरातली. घरचा कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर मध्यस्थाच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, तुम्हीही तिथेच जाता आणि तो दोघांची गाठ घालून देतो. आतून बाहेर गेलेली जोडणी असल्यामुळे सीजीनॅटची अडचण येत नाही, राऊटरला हातही लावावा लागत नाही.

दुसरा रस्ता स्वतःच्या खासगी जाळ्याचा. घरचा कॉम्प्युटर आणि तुमच्या हातातलं यंत्र यांच्यात व्हीपीएन बांधायचं आणि त्याच्या आतून विंडोजचा स्वतःचा आरडीपी वापरायचा. पूर्वी हे जाणकाराचं काम होतं. टेलस्केलसारख्या सेवेमुळे आता ते पंधरा-वीस मिनिटांत होतं. तिच्या पोटात वायरगार्ड हे व्हीपीएनचं तंत्र आहे, आणि वैयक्तिक वापराची योजना मोफत आहे.

कोणता रस्ता घ्यायचा, ते पुष्कळदा तुमची विंडोज ठरवते. सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’, त्यात ‘अबाऊट’, तिथे ‘एडिशन’ बघा. ‘होम’ असेल तर त्या मशीनवर आरडीपीने बाहेरून येता येत नाही. ती सोय ‘प्रो’ला आहे. होमवर आरडीपी चालू करून देणाऱ्या जुगाडू फाईली नेटवर मिळतात, त्या टाकू नका. विंडोजच्या लॉगिनच्या जागीच परक्याची फाईल बसवायची आणि मग त्यावर लोकांचे हिशोब ठेवायचे, हे मला पटत नाही.

होम असेल, आणि तांत्रिक भानगडीत पडायचं नसेल, तर सरळ क्रोम रिमोट डेस्कटॉप. माझ्या अनुभवात शिकवायला सगळ्यात सोपं तेच. प्रो असेल आणि रोज तासन्‌तास काम असेल, तर टेलस्केल आणि आरडीपी. लिखाण आणि आकड्यांच्या कामाला आरडीपी जास्त चपळ वाटतो, खिडकी तुमच्या पडद्याच्या मापात बसते, आणि प्रिंट इथल्या प्रिंटरवर काढता येते. शिवाय पुण्याच्या गाडीत बसलं की मधल्या पट्ट्यात नेटवर्क येतं-जातं. जोडणी तुटली तरी घरच्या मशीनवर काम होतं तसं उघडं राहतं, पुन्हा जोडलं की अर्धवट व्हाउचर तिथेच सापडतं.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही चांगली साधनं आहेत, पण त्यांची मोफत परवानगी वैयक्तिक वापरापुरती. धंद्याच्या कामाला वापरलं आणि त्यांच्या यंत्रणेला तसा संशय आला, तर जोडणी मध्येच तुटायला लागते. तेही नेमकं २० तारखेला. व्यवसायासाठी घ्यायचं तर रीतसर पैसे भरून घ्या. आणि मध्यस्थ निवडणं म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणं. २०२४च्या सुरुवातीला एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं होतं, की त्यांच्या सर्व्हरवर घुसखोरी झाली. तेव्हा त्यांनी आपल्या पोर्टलचे पासवर्ड रद्द केले होते. कुठलीही सेवा घ्या, तिचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्या खात्याला नको. रस्टडेस्क मुक्त स्रोत आहे, स्वतःचा सर्व्हरही चालवता येतो, पण तो सांभाळायला घरात कुणीतरी हौशी हवं.

डीएससीचा पेच

कर सल्लागार, सीए आणि कंपन्यांत काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचा. कंपनी किंवा एलएलपीचं जीएसटी रिटर्न भरताना डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे डीएससी लागते, आणि ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन घरच्या कॉम्प्युटरला लावून आलात आणि पुण्यातून आरडीपीने आत गेलात, तर टोकन सापडत नाही. टोकन खराब झालेलं नसतं. विंडोजच्या लेखी हे टोकन म्हणजे स्मार्टकार्ड, आणि आरडीपीच्या सत्रात ती तुमच्या हातातल्या यंत्राला लावलेलं स्मार्टकार्ड शोधते, घरच्या मशीनला लावलेलं बघतच नाही. मी यात एक अख्खी दुपार घालवली. ड्रायव्हर काढला, परत टाकला, ब्राउझर बदलला, सगळं व्यर्थ.

क्रोम रिमोट डेस्कटॉप आणि एनीडेस्क समोरचीच स्क्रीन दाखवतात. त्यामुळे विंडोजला वाटतं की माणूस खुर्चीतच आहे, आणि टोकन चालतं. म्हणून माझ्या मशीनवर दोन्ही रस्ते आहेत, रोजचं काम आरडीपीने आणि सहीपुरतं क्रोम. एक मात्र लक्षात ठेवा. तुम्ही करता ते सगळं घरच्या मॉनिटरवर जसंच्या तसं दिसतं, म्हणून निघताना मॉनिटर बटणाने बंद करा. आणि दुसऱ्याच्या सहीचं टोकन महिनोन्‌महिने मशीनला लावून ठेवू नका. काम असेल तेव्हाच, त्या माणसाला विचारून.

क्रोमची मांडणी

घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, आपल्या गूगल खात्याने आत जा, आणि ‘रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम’ या पत्त्यावर रिमोट ॲक्सेसचा भाग निवडा. ते एक फाईल उतरवायला सांगेल, ती चालवा. मशीनला नाव द्या, मग किमान सहा आकडी पिन. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. बाहेर असताना त्याच खात्याने त्याच पानावर किंवा मोबाईल ॲपमध्ये जायचं, नावावर टिचकी मारायची, पिन घालायचा. संपलं. मात्र आता तुमचं गूगल खातं हीच घराची किल्ली झाली आहे, म्हणून त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन त्याच दिवशी लावा.

टेलस्केल आणि आरडीपीची मांडणी

टेलस्केल घरच्या कॉम्प्युटरवर आणि हातातल्या लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने आत जा. दोघांना १००ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळतात. घरचा पत्ता वहीत लिहून ठेवा.

इथे दोन सेटिंग्ज हमखास राहून जातात. घरच्या मशीनवर, टेलस्केलच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा. नाही तर अपडेटनंतर मशीन पुन्हा सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबतं आणि टेलस्केल जागंच होत नाही. दुसरं, या सेवेत यंत्राची ओळख ठरावीक दिवसांनी संपते, मूळ मुदत १८० दिवसांची. तुम्ही बाहेरगावी असताना ती संपली तर दार बंद. वेबवरच्या नियंत्रण पानावर घरच्या मशीनपुरती ही मुदत, म्हणजे ‘की एक्स्पायरी’, बंद करा.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’, ‘रिमोट डेस्कटॉप’, आणि चालू. खात्याला पासवर्ड हवाच, रिकाम्या पासवर्डने आरडीपी आत घेत नाही. रोज चार आकडी पिन घालून मशीन उघडण्याची सवय असेल तर तो पिनही इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पुष्कळांना तो आठवत नसतो. निघायच्या आधी एकदा लिहून बघा. दुसऱ्या विंडोज लॅपटॉपवर शोधपट्टीत ‘एमएसटीएससी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाका, घरचा १००वाला पत्ता द्या, जोडा.

मशीन जागं राहिलं पाहिजे

माझी ती रात्र इथे फसली होती. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ द्या. स्क्रीन दहा मिनिटांनी बंद झाली तरी चालेल. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काहीही न करण्याची सूचना द्या. झोपलेल्या मशीनला दुरून उठवायची वेक-ऑन-लॅन नावाची सोय आहे, पण ती केबलने जोडलेल्या मशीनला नीट चालते आणि हाक मारायला घरात दुसरं काहीतरी जागं लागतं. सुरुवातीला तिच्या नादी लागू नका.

त्यानंतर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग्ज. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून आत जा. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘एसी बॅक’, ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा कुठल्याशा नावाने एक ओळ असते, तिला ‘पॉवर ऑन’ करा. मग लाईट गेली आणि आली की डेस्कटॉप आपोआप चालू होतो. बायोसला सुरुवातीचा पासवर्ड लावलेला असेल तर मशीन तिथेच अडकेल, हेही बघून घ्या.

आपल्याकडे मार्च उजाडला की लाईटचा खेळ सुरू होतो, आणि येताना ती दोन-तीनदा झटके देऊन येते. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस लावाच. राऊटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढेच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नाही तर राऊटर चालू आणि नेट बंद.

खर्चाचाही अंदाज घ्या. साधा डेस्कटॉप नुसता चालू राहून ५० वॅट घेतो असं धरलं, तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या सोयीसाठी हे परवडतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी फक्त गावाला जाताना मशीन चालू ठेवते. आणि पारा चाळिशीपार गेला की बंद खोलीत मशीन तापतं. निघायच्या आधी मागची जाळी ब्रशने झाडा, कपाटात कोंबलेला डबा बाहेर काढा.

मशीनवर अजून विंडोज १० असेल, तर तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. बाहेरून वापरायच्या मशीनवर ती तशीच चालवू नका.

घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा

हीच ॲप्स वापरून लोकांना लुबाडलं जातं. “बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, हे ॲप टाका आणि स्क्रीनवरचा नंबर सांगा.” नंबर सांगितला की पलीकडचा माणूस तुमचा मोबाईल बघू लागतो, ओटीपीसकट. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. अण्णांना मी एवढंच सांगितलंय, की कॉम्प्युटरचं किंवा मोबाईलचं काहीही करायला मीच सांगेन, दुसऱ्या कुणी सांगितलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३०वर फोन करायचा.

तुम्हीही परक्या मशीनवरून, सायबर कॅफेतून, घरी लॉगिन करू नका. त्यापेक्षा आपल्याच मोबाईलला ब्लूटूथ कीबोर्ड आणि माऊस जोडा. मोबाईल हरवला तर दुसऱ्या यंत्रावरून गूगल खात्यातून त्याला बाहेर काढा आणि टेलस्केलच्या पानावरून तो उडवा. हे कसं करायचं ते आजच करून बघा, हरवल्यावर हात थरथरतात.

निघायच्या आदल्या दिवशी

घरच्या वायफायवर बसून केलेली चाचणी खरी नव्हे. मोबाईलचं वायफाय बंद करा, त्याच्या डेटावर जोडून बघा. मी कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसून बघते. टॅली उघडते, एक व्हाउचर टाकते, काढते, एक पीडीएफ इकडे आणते. मग घरी येऊन मशीन मुद्दाम रीस्टार्ट करते आणि लॉगिन न करता बाहेरून आत येता येतं का ते बघते. शेवटी मशीन रीतसर बंद करून भिंतीवरचं बटण पाडते, पाच मिनिटांनी चालू करते आणि डबा आपला आपण जागा होतो का ते पाहते. यातलं एक जरी फसलं तरी ते आदल्या दिवशी दुरुस्त होतं, पुण्यातून होत नाही.

टेबलाच्या बाजूला अण्णांसाठी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलाय. ‘१. राऊटरवर एलओएस लिहिलंय तिथे लाल दिवा असेल तर नेटवाल्यांना फोन. २. लाल नसेल तर काळ्या डब्याचं गोल बटण एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही. ३. पडदा काळा राहिला तरी काळजी नाही. ४. मला फोन.’ गेल्या महिन्यात लाईट गेली, तेव्हा त्यांचा फोन माझ्या आधी आला. “लाल नाही, बटण दाबलंय, निळा लागलाय. बघ तुझ्याकडे.”